त्याआधी? काही नाही!

आमच्या इमारतीत तिला सगळे कात्री म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा, आणि तिला त्याचा राग येत नाही. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून ती तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत बसून लोकांचे कपडे उसवते आणि पुन्हा शिवते. बोलणंही तसंच, सपासप. मी जिन्यावरून "आज हवा जरा..." म्हणेपर्यंत तिचं "हो, गार आहे" म्हणून झालेलं असतं.

मी तिच्या बरोबर डोक्यावर राहते, म्हणजे पहिल्या मजल्यावर. तेहतीस वर्षं तिच्या मशीनच्या आवाजावर माझी सकाळ सुरू होते. तिच्याबद्दल लिहावं असं कधीपासून मनात होतं. पण लिहायला बसले की वाटायचं, लिहू काय? मनगटावर टाचण्यांची गादी, कानामागे खडू, गळ्यात टेप, संपलं. या वर्षी मात्र जे घडलं ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. खरं सांगते, आठवलं की अजून काळीज उड्या मारतं!

तिच्या दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात. पहिली, दिलेला दिवस. मंगळवार आणि शुक्रवार हे तिचे कपडे परत देण्याचे दिवस. सकाळी नऊच्या सुमारास तयार कपडे घडी करून पिशव्यांत भरायचे, पिशवीवर नावाची चिठ्ठी टाचायची आणि पिशव्या दाराशी ओळीने मांडायच्या. मग ती त्या घरोघर पोचवते. अंगात ताप असो की घरात पाहुणे असोत, मंगळवार म्हणजे मंगळवार. दुसरी गोष्ट, कापडाची मोठी कात्री. काळ्या मुठीची, तिच्या वडिलांची. त्या कात्रीने कापडाशिवाय काही कापायचं नाही. तिच्या नवऱ्याने एकदा त्याच कात्रीने बिस्किटाचा पुडा कापला, तर पाच दिवस त्या घरात फक्त मशीन बोलत होतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या इमारतीतली लिफ्ट मात्र दोन वर्षं वीज काढून, दार उघडं ठेवून तळमजल्यावर उभी आहे, कारण तिचं काम दुसऱ्या कोणाकडे आहे. मी टोमणा मारला की तो म्हणतो, "तुमच्या गुडघ्यांना व्यायाम हवा म्हणून मीच सांगून ठेवलंय, आजी." कात्रीपेक्षा चौपट बोलतो, आणि त्यातलं निम्मं हसण्यासारखं असतं.

त्यांना मूल नाही. त्याबद्दल ती एवढंच म्हणते, "झालं नाही." टाका घालून दोरा तोडावा तसं.

काही मुलांचे आईवडील काही काळ त्यांना सांभाळू शकत नाहीत. आजारपण असतं, आणखी काही असतं. अशा मुलांना तेवढ्या काळापुरतं आपल्या घरात ठेवून घेणारी माणसं लागतात. कागदावर त्यांना प्रतिपालक कुटुंब म्हणतात. अशा मुलांची सोय बघणाऱ्या सरकारी कार्यालयातली एक अधिकारी बाई कात्रीकडे कोट ढिला करायला आली होती. माप देता देता दोघींचं बोलणं झालं, आणि कोट तयार व्हायच्या आत कात्रीने ठरवूनही टाकलं. नवऱ्याला तिने जेवताना सांगितलं, "एक मूल येईल." तो म्हणाला, "कितव्या मजल्यावर?" झाली चर्चा!

मग फॉर्म, घराची पाहणी, सहा शनिवारांचं प्रशिक्षण. आणि एका रविवारी दुपारी ती मुलगी आली. आठ वर्षांची, कान जरा पुढे आलेले, मोजे दोन रंगांचे. आई वरचेवर महिनोनमहिने इस्पितळात, दुसरं कोणी नाही. तीन वर्षांत चार घरं झाली होती, हे पाचवं. सगळं सामान एका काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत होतं.

कात्रीने ती पिशवी तिथेच जमिनीवर उपडी केली, प्रत्येक कपडा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "सात बटणं नाहीत." आणि बटणांचा डबा मुलीपुढे ठेवला. "शोध." मुलगी संध्याकाळपर्यंत त्या डब्यात हात घालून बसली होती. तेव्हापासून तिचं नाव बटण. रिकामी काळी पिशवी कात्रीने घडी घालून खणात ठेवली. ती काहीच टाकत नाही.

पहिले दोन आठवडे काय वर्णावे! कात्रीने मशीनवर चादर घातली आणि गिऱ्हाइकांना सांगून टाकलं, पंधरा दिवस काम बंद. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा माझी सकाळ मशीनशिवाय उजाडली. तिघं बागेत गेली, बटणाला दुपारच्या शाळेत घातलं, माझ्याकडे येऊन तिने माझ्या सगळ्या शाईच्या बाटल्या रंगांप्रमाणे लावून दिल्या. कात्री जिन्यात मला म्हणाली, "उगाच घाबरवतात लोक. सोपं आहे." तिच्या तोंडून एवढं लांब वाक्य ऐकून मीच चाट पडले.

तिसऱ्या आठवड्यात मशीन सुरू झालं, आणि सगळं बिनसलं.

मंगळवारी सकाळी बटणाने शर्टाची बाही ओढून शिवणीत फाडली. शुक्रवारी धाग्यांची सगळी रिळं खिडकीतून रस्त्यावर. पुढच्या मंगळवारी तिने कात्रीच्या हाताला चावा घेतला आणि धावत जाऊन बंद लिफ्टच्या कोपऱ्यात बसली. "बाहेर ये," म्हणून कात्री ओरडली की ती आणखी आत. शेवटी नवरा लिफ्टच्या दारात बाहेर फरशीवर बसला.

"मी आत येणार नाही," तो म्हणाला. "इथेच बसतोय. वीस मिनिटं बसणार, मग चहा प्यायला जाणार, चार मिनिटांत परत येणार. तू तुझं बघ."

आणि तसंच केलं. चौथ्या मिनिटाला परत. तासाभराने ती स्वतःच बाहेर आली. मी विचारलं, हे कुठे शिकलास? तर म्हणाला, "धंदाच आहे, आजी. अडकलेल्या माणसाला ओढायचं नसतं. आपण कोण, काय करतोय आणि किती वेळ लागेल, एवढं खरंखरं सांगायचं. वेळ खोटी सांगितली की माणूस दारावर लाथा घालतो."

कार्यालयाने एका समुपदेशक बाईकडे पाठवलं. औषधाच्या दुकानावर तिची खोली. बुटक्या खुर्च्या, बाहुल्यांचं घर आणि मोठ्या परातीसारख्या पेटीत पांढरी वाळू. बटण तिला वाळूबाई म्हणते. आठवड्यातून एक तास बटणाचा, आणि त्यानंतर अर्धा तास या दोघांचा. तो अर्धा तास कात्रीला फार झोंबला.

"मला कशाला?" ती वर येऊन म्हणाली. "मी का वेडी आहे?"

"मग मी जाऊ का तुझ्याऐवजी?" मी म्हटलं. "मला आवडतं कोणी विचारलं तर."

"तुम्ही हसा, काकू. ती मला म्हणते, ताई, मुलगी तुमच्यावर रागावलेली नाहीये, ती कशाला तरी घाबरते. माझ्या घरात घाबरण्यासारखं काय आहे? सांगा ना!"

वाळूबाईने एक काम दिलं होतं. वही करायची. वादळ कधी झालं, काय झालं, आणि त्याआधी काय घडलं. कात्री मापांशिवाय काही लिहीत नाही, म्हणून ती माझ्याकडे आली. मी त्याच क्षणी कोरी वही काढली आणि तीन रकाने आखले. वाटलं, चला, आयुष्यभर रोजनिशी लिहिली त्याचा कोणाला तरी उपयोग!

ती सांगायची, मी लिहायची. वेळ, नऊ वीस. काय झालं? मापाची वही फाडली. त्याआधी?

"काही नाही. मी माझं काम करत होते."

तीन आठवड्यांत सहा नोंदी झाल्या, आणि सहाच्या सहा नोंदींच्या तिसऱ्या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, काही नाही. वार मात्र सहाही वेळा मंगळवार किंवा शुक्रवार. वाळूबाईने ते विचारलं तेव्हा कात्रीकडे उत्तर तयार होतं. "ते माझे घाईचे दिवस. तिच्याकडे लक्ष नसतं, म्हणून करते." मलाही ते पटलं. वाळूबाईने मात्र नुसती मान हलवली आणि तिथे पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढलं.

मग तो बुधवार आला. बुधवार काही घाईचा नव्हता. कात्रीने रात्रीच्या उरलेल्या वेळात चोरून बटणासाठी दोन फ्रॉक शिवले होते. एक निळा, एक पिवळा, दोन्हींना मुलीनेच डब्यातून काढून आवडीची म्हणून बाजूला ठेवलेली बटणं. मुलगी शाळेतून यायच्या वेळी तिने ते घडी घालून पिशवीत ठेवले, पिशवीवर मुलीच्या नावाची चिठ्ठी टाचली आणि आल्या आल्या दिसावी म्हणून पिशवी दाराशी ठेवली. स्वतः आत लपली, तोंडावर हात धरून. वयाच्या बावन्नाव्या वर्षी!

मुलीने चिठ्ठी वाचली. किंचाळली. दप्तर तिथेच टाकलं आणि रस्त्यावर पळाली.

दीड तास आम्ही सगळी इमारत तिला शोधत होतो. ती बसथांब्यावर सापडली, पिशवी मांडीवर घेऊन, बाकावर ताठ बसलेली. पिशवी उघडलीसुद्धा नव्हती. "कुठे निघाली होतीस?" नवऱ्याने विचारलं. ती म्हणाली, "तुम्हीच सांगा ना!"

मूल रस्त्यावर गेलं म्हणजे कार्यालयाला कळवावंच लागतं. गुरुवारी त्या अधिकारी बाईचा फोन आला. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी नऊला घरी येऊन आढावा घेणार. इथे जमत नसेल तर दुसऱ्या शहरातल्या मुलींच्या निवासी संस्थेत जागा आहे. म्हणजे सहावं ठिकाण.

कात्री माझ्या स्वयंपाकघरात उभी होती. बसली नाही. "मी सही करून टाकते, काकू. नवीन कपडे दिले तर कोणी असं करतं? माझ्या हाताला गुण नाही. कपडा नीट बसवता येतो, मूल नाही."

मी दोन कप चहा ओतला आणि एकही प्यायला गेला नाही.

पण त्याच दुपारी वाळूबाईकडची ठरलेली वेळ होती, आणि तिने वही पाहिल्यावर एकदम खुर्ची पुढे ओढली म्हणे. "ताई, बुधवारी तुम्हाला घाई नव्हती!" मग सातव्यांदा लिहिलेल्या त्या "काही नाही"वर बोट ठेवून ती म्हणाली, "हे काही नाही मला बघायचंय. तुम्हाला ते दिसणार नाही, रोजचं आहे. दुसरं कोणी बसेल का तुमच्या खोलीत? नुसतं बघायला?"

असं मला आमंत्रण आलं. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, पण सहलीच्या आदल्या रात्री शाळेतल्या मुलीला लागत नाही तशी मला झोप लागली नाही.

आमच्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टरनी आम्हाला रोजनिशी लिहायला शिकवली, तेव्हा पान उभं दुमडायला लावायच्या. डावीकडे डोळ्यांनी पाहिलेलं, उजवीकडे मनाला वाटलेलं. डाव्या बाजूला "रागीट" असं लिहिलं तर पट्टी बसायची, कारण रागीट दिसत नाही, लाल चेहरा दिसतो. दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी पावणेनऊला मी तसंच पान दुमडून कात्रीच्या खिडकीशी स्टुलावर बसले आणि ठरवलं, आज उजवी बाजू कोरीच ठेवायची.

बटण जमिनीवर बटणं लावत होती, दोन भोकांची इकडे, चार भोकांची तिकडे. मला म्हणाली, "आजी, तुम्ही का आलात?"

"लिहायला."

"काय?"

"दिसेल ते."

"मग लिहा, चार भोकांची जास्त आहेत." मी लिहिलं.

पुढचं सगळं पंधरा-वीस मिनिटांत झालं. बटणाने डबा भिंतीवर फेकला, घरभर बटणांचा पाऊस पडला आणि ती लिफ्टमध्ये पळाली. नवरा तिच्यामागे जाऊन दारात बसला. त्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता, "मी आत येणार नाही. अर्धा तास बसणार..." कात्री गुडघ्यांवर रांगत बटणं गोळा करू लागली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "वाचा. काय दिसलं? काही नाही ना?"

मी वाचू लागले. नुसती डावी बाजू.

"नऊ दोन. कात्रीने पहिली पिशवी दाराशी ठेवली. नऊ पाच, दुसरी. नऊ सहा, बटणाने बटणं लावणं थांबवलं. नऊ नऊ, तिसरी आणि चौथी. बटण पिशव्यांकडे बघते, ओठ हलतात. नऊ दहा, आतल्या खोलीत गेली. नऊ तेरा, बाहेर आली. बूट घातलेले. अंगात स्वेटर..."

"स्वेटर? या उकाड्यात?"

"मध्ये बोलू नकोस. स्वेटर. स्वेटरच्या खिशात टूथब्रश. पिशव्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. नऊ अठरा, कात्री म्हणाली, ऊठ गं, वाटेत काय बसलीस, हे सगळं आज जायचंय. नऊ अठरा, डबा फेकला."

कात्रीचा हात हवेत थांबला. मुठीतली बटणं एकेक करून खाली पडू लागली.

"टूथब्रश," ती म्हणाली.

मग मान वळवून दाराकडे बघितलं. चार पिशव्या, ओळीने, चिठ्ठ्या टाचलेल्या.

"काकू." तिचा आवाज कुजबुजल्यासारखा झाला. "चार घरं. प्रत्येक घरातून निघताना दाराशी पिशवी." आणि मग एकदम ओरडलीच, "अहो, मी तिच्या नावाची चिठ्ठी लावली! मी! माझ्या हाताने!"

मी स्टुलावरून कशी उठले मला माहीत नाही. दोघी एकमेकींचे दंड धरून उभ्या होतो, ती रडत होती आणि मी हसत होते, की उलट, ते मी लिहिलेलं नाही. ते पंधरा दिवस! तेव्हा काम बंद होतं, पिशव्याच नव्हत्या! म्हणून सोपं होतं! बाहेरून नवऱ्याने विचारलं, "आग लागलीय का?" कात्री म्हणाली, "हो!"

वाळूबाईने शनिवारी सुट्टी असून वेळ दिली. मला वाटलं होतं, पिशव्या आता लपवून ठेवायच्या, प्रश्न मिटला. कात्रीनेही तेच सुचवलं. वाळूबाई म्हणाली, "लपवल्या तर ती शोधत राहील, ताई. दिसू द्या. पण कोणती पिशवी कुठे जाते आणि कोण कुठे जात नाही, हे तिला आधी माहीत असू द्या. आणि ती काळी पिशवी? ती अजून आहे का?"

आहेच. खणात. बटणाला तो खण पहिल्या दिवसापासून ठाऊक होता.

घरी आल्यावर कात्रीने ती काढून मुलीपुढे ठेवली. "हिचं काय करायचं? तू सांग."

बटणाने पिशवीची घडी उलगडली. मग हळूच म्हणाली, "कापायची."

"काप."

"कशाने?"

छोटी कात्री तिथेच टेबलावर होती. मी स्वतः पाहिलं, कात्रीचा हात टेबलाकडे गेलाही. मग तो वर गेला, खिळ्यावर टांगलेल्या काळ्या मुठीच्या कात्रीकडे. नवऱ्याने श्वास रोखला. वडिलांची कात्री तिने आठ वर्षांच्या मुलीच्या हातात दिली, प्लास्टिक कापायला!

"जड आहे," बटण म्हणाली.

"दोन्ही हातांनी धर. टोक तुझ्याकडे नको."

अर्धा तास ती कापत होती. पट्ट्या, मग पट्ट्यांचे तुकडे, मग तुकड्यांचे तुकडे. नवरा माझ्या कानाशी म्हणाला, "बिस्किटाचा पुडा यापेक्षा लहान होता, आजी." कात्रीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो लिफ्ट तपासायला निघून गेला.

मंगळवार. कात्रीने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, उद्या तीन पिशव्या जातील, कोणाच्या, कुठे, आणि तू कुठेही जाणार नाहीस. चिठ्ठ्या बटणाने लिहायच्या होत्या. लिहिल्या. पण पहिली पिशवी दाराशी लागताच तिचा चेहरा उतरला, बूट घातले आणि ती लिफ्टमध्ये जाऊन बसली. चाळीस मिनिटं. पण ओरडणं नाही, फेकाफेक नाही, आणि नवऱ्याला तिने स्वतःच विचारलं, "आज किती मिनिटं बसणार?" बाहेर आल्यावर तिने पिशव्या मोजल्या, मग घरातली माणसं मोजली. मग शाळेत गेली.

पुरे होतं का तेवढं? मला माहीत नव्हतं. शुक्रवारी नऊला अधिकारी बाई येणार, आणि शुक्रवार म्हणजे पिशव्यांचा दिवस.

नवरा म्हणाला, "एक दिवस उशिरा दे. लोक मरणार नाहीत."

कात्री मशीनवर बोटं वाजवत राहिली. शेवटी तिने बटणालाच विचारलं. "उद्या त्या बाई येतील. तू इथे राहायचं की नाही, ते ठरवायला. पिशव्या मांडू की नको?"

मुलगी म्हणाली, "किती आहेत?"

"पाच."

"दिलेला दिवस आहे ना?"

"आहे."

"मग मांडा. पण चिठ्ठ्या मी लावणार."

शुक्रवारी मी नऊला दहा मिनिटं असतानाच खाली हजर. कोणी बोलावलं नव्हतं, पण कोणी जा असंही म्हटलं नाही. अधिकारी बाई तोच ढिला केलेला कोट घालून आली, दमलेली, बगलेत फाइल. दाराशी पाच पिशव्या. ती त्या ओलांडून आत आली आणि खुर्चीवर बसली. "बसथांब्याबद्दल आधी बोलू या," असं तिने म्हणायला आणि बटणाने आतल्या खोलीत जायला एकच गाठ पडली.

ती बाहेर आली. पायांत बूट.

कात्रीचा चेहरा पांढरा झाला. मी मुलीच्या खिशाकडे बघितलं. स्वेटर नव्हता. फ्रॉक होता, निळा, आणि खिसा सपाट.

अधिकारी बाईने सावकाश विचारलं, "कुठे निघालीस?"

"कामाला." बटणाने एक पिशवी उचलली. "दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची पँट आहे. मी एकटी जाणार. नऊ मिनिटं लागतील. तुम्ही बसा."

कात्रीने तोंड उघडलं. दारात उभ्या नवऱ्याने तिच्याकडे बघून मान हलवली. मुलगी गेली.

मी घड्याळ हातात धरलं. तीन मिनिटं. अधिकारी बाई काहीतरी विचारत होती, कात्री काहीतरी उत्तर देत होती. सहा. नऊ. जिन्यात पावलं नाहीत. दहा. बाईने पेनाचं टोपण काढलं. अकरा. कात्री उठून उभी राहिली, परत बसली. इमारतीच्या मागे दुसरं दार आहे, ते रस्त्यावर उघडतं, आणि आम्ही चौघंही त्याच दाराचा विचार करत होतो, हे शपथेवर सांगते. बारा.

धाड धाड धाड, जिन्यावरून बूट!

बटण आत आली. हातात पिशवी होतीच. तीच नव्हे, दुसरी.

"तीन मिनिटं उशीर झाला," ती धापा टाकत नवऱ्याला म्हणाली, "काकांना चष्मा सापडत नव्हता. चष्म्याशिवाय त्यांना पँट बघता येत नाही." मग कात्रीपुढे पिशवी ठेवली. "त्यांचं आणखी काम आहे. दोन शर्ट, झिजलेल्या कॉलर उलटून शिवायच्यात. मी सांगितलं, मिळतील."

"कधी?"

"पुढच्या शुक्रवारी. मीच आणून देईन म्हटलं."

कात्रीने पिशवीतून एक शर्ट ओढून कॉलर पाहिली. मग तिचा आवाज फुटला, नेहमीसारखाच सपासप. "दोन कॉलर शुक्रवारपर्यंत? मला न विचारता?"

"आता दिलाय ना दिवस," बटण म्हणाली आणि दुसरी पिशवी उचलून पुन्हा जिन्याकडे पळाली.

अधिकारी बाईने फाइलमध्ये एवढंच लिहिलं, आणि मी खांद्यावरून वाकून वाचलं, मला लाज नाही: पुढच्या शुक्रवारी मुलगी इथेच आहे. खाली एक रेघ ओढून तिने मुदत भरली, शाळेचं वर्ष संपेपर्यंत, तोवर आई बरी झाली नाही तर पुन्हा विचार करू. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. मी घरी जाऊन उजवी बाजू भरून काढली, चार पानं.

मोठी कात्री धार लावायला गेली आहे. धारवाल्याने विचारलं म्हणे, बाई, हिने काय कापलंत? कात्रीने काय सांगितलं ते मला कळलेलं नाही. शर्टांच्या कॉलर मात्र काल रात्रीच उलटून झाल्या, आणि चिठ्ठी तयार आहे, बटणाच्या अक्षरात.